‘कोणी’, ‘कोणीही’ आणि ‘कोणीच नाही’ : इंग्रजीतील अनिश्चित सर्वनामांचा नेमका वापर

मुंबई, प्रतिनिधी

बँकेत दोघांच्या नावे संयुक्त खाते उघडताना अर्जात एक छोटासा रकाना भरावा लागतो. खाते कोणाच्या सहीने चालेल, हे त्यात नमूद करायचे असते. बहुतेक दाम्पत्ये तेथे ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ या पर्यायापुढे खूण करतात आणि पुढच्या रकान्याकडे वळतात. या तीन शब्दांनी दोन गोष्टी ठरतात. हयातीत दोघांपैकी कोणीही एकट्याच्या सहीने पैसे काढू शकतो आणि एकाच्या निधनानंतर बँक ती रक्कम हयात असलेल्या खातेदाराच्या हाती देते. (वारसांचा हक्क हा त्यापुढचा, वेगळा विषय.) खातेदार तीन किंवा अधिक असतील तर हाच पर्याय ‘एनीवन ऑर सर्व्हायव्हर’ असा होतो. ‘फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर’ असे लिहिले असेल, तर पहिले नाव ज्याचे, तो जिवंत असेपर्यंत दुसऱ्याला खात्यातून पैसे काढता येत नाहीत. घरातील तो ‘पहिला’ अतिदक्षता विभागात असतो, रुग्णालय अनामत रक्कम मागत असते, आणि त्या रकान्यातील एका शब्दाचा अर्थ तेव्हा कुटुंबाला उमगतो.

यातील ‘आयदर’ आणि ‘एनीवन’ हे शब्द इंग्रजी व्याकरणातील अनिश्चित सर्वनामांच्या कुळातले. ज्या सर्वनामावरून अमुकच व्यक्ती किंवा वस्तू असा बोध होत नाही, ते अनिश्चित सर्वनाम. मराठी व्याकरणालाही ही कल्पना परकी नाही. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठीचे व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले, तेव्हापासून सर्वनामांचे वर्गीकरण आपल्याकडे होत आले आहे. शालेय पुस्तकांतील सर्वनामांच्या सहा प्रकारांपैकी एक प्रकार ‘सामान्य किंवा अनिश्चित सर्वनाम’ हाच असतो. ‘कोण’ आणि ‘काय’ हे शब्द प्रश्नासाठी न येता ‘कोणी यावे, काही बोलावे’ अशा अर्थाने आले की ते अनिश्चित ठरतात. तरीही इंग्रजी बोलताना आणि लिहिताना मराठी माणूस नेमका येथेच अडखळतो. मुलाखतीत, कार्यालयीन पत्रांत, बँका व लोकसेवा आयोगाच्या परीक्षांमधील ‘वाक्यातील चूक ओळखा’ या प्रश्नात हे शब्द हमखास भेटतात, आणि त्यांतील चुका बहुधा अज्ञानापेक्षा मराठी वळणातून जन्मलेल्या असतात.

या लेखात इंग्रजी उदाहरणे देवनागरीत दिली आहेत. ती मोठ्याने वाचली तर कान लवकर तयार होतो, असा अनुभव आहे.

तरी, ही आणि च

इंग्रजीत या सर्वनामांचे तीन मोठे घराणे आहेत. ‘सम’पासून समवन, समबडी, समथिंग, ‘एनी’पासून एनीवन, एनीबडी, एनीथिंग, आणि ‘नो’पासून नो वन, नोबडी, नथिंग. मराठीत हेच काम तीन छोटी अव्यये करतात. ‘कोणीतरी आले’ म्हणजे ‘समबडी केम’. ‘कोणीही येऊ शकते’ म्हणजे ‘एनीबडी कॅन कम’. ‘कोणीच आले नाही’ म्हणजे ‘नोबडी केम’. ‘तरी’ला ‘सम’, ‘ही’ला ‘एनी’ आणि ‘च... नाही’ला ‘नो’, एवढी जोडी मनात पक्की झाली तरी निम्मा प्रश्न सुटतो. वस्तूंनाही तीच जोडी लागू पडते : काहीतरी, काहीही, काहीच नाही.

गाडी घसरते ती नकाराच्या वळणावर. मराठीत ‘कोणीही आले नाही’ हे वाक्य निर्दोष आहे. त्याचे शब्दशः इंग्रजी केले की ‘एनीबडी डिड नॉट कम’ असे वाक्य तयार होते, आणि ते चूक आहे. मराठी माध्यमातून शिकलेल्यांच्या इंग्रजीतील ही कदाचित सर्वांत ओळखीची चूक असावी. तिचे कारण वाक्यरचनेत आहे. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो, त्यामुळे ‘कोणीही’ आधी आणि ‘नाही’ नंतर असा क्रम आपल्या अंगवळणी पडलेला असतो. इंग्रजीत ‘एनी’ला नकाराच्या सावलीत उभे राहावे लागते; म्हणजे नकार आधी यायला हवा आणि ‘एनी’ नंतर. वाक्याचा कर्ताच अनिश्चित असेल तर त्याच्या आधी नकार येण्यास जागाच उरत नाही. म्हणून तेथे ‘एनी’ बाजूला ठेवून थेट ‘नोबडी केम’ असे म्हणावे लागते. कर्माच्या जागी मात्र दोन्ही वाटा मोकळ्या आहेत. ‘मी कोणालाही भेटलो नाही’ हे ‘आय डिड नॉट मीट एनीबडी’ असेही सांगता येते आणि ‘आय मेट नोबडी’ असेही. बोलण्यात पहिली रचना अधिक आढळते. दुसरीत थोडा ठसका आहे.

याच्या उलट चूक म्हणजे दुहेरी नकार. ‘मी कोणालाच भेटलो नाही’ यात मराठी माणसाला ‘च’ आणि ‘नाही’ असे दोन्ही ऐकू येतात आणि तो ‘आय डिड नॉट मीट नोबडी’ म्हणून मोकळा होतो. प्रमाण इंग्रजीत एका वाक्यात एकच नकार पुरतो. जुन्या इंग्रजीत आणि चॉसरच्या काळातही एकाहून अधिक नकार सर्रास येत असत, आजही काही बोलींत ते येतात. पण नोकरीच्या अर्जात ही सबब चालत नाही.

प्रश्नार्थक वाक्यांत ‘एनी’ वापरावे, असे शाळेत शिकवले जाते. ते खरे आहे, पण पूर्ण नाही. कार्यालयात परतल्यावर आपण विचारतो, ‘डिड एनीबडी कॉल?’ म्हणजे, कोणाचा फोन आला होता का? येथे विचारणाऱ्याला काहीच कल्पना नसते. ‘डिड समबडी कॉल?’ असे विचारले तर ‘कोणाचा तरी फोन येऊन गेला ना?’ अशी अपेक्षा त्यातून डोकावते. पाहुण्यांना विचारताना तर ‘समथिंग’च शोभते. ‘वुड यू लाइक समथिंग टू ड्रिंक?’ या प्रश्नात होकार गृहीत धरलेला असतो. ‘काही घेणार का?’ आणि ‘काय घेणार?’ यांतील फरक ज्याला ठाऊक आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

सगळे आले, पण क्रियापद एकवचनी

‘सगळे आले आहेत’ हे मराठीत अनेकवचन. म्हणून ‘एव्हरीबडी हॅव कम’ असे तोंडून निघून जाते. योग्य रूप ‘एव्हरीबडी हॅज कम’. ज्या शब्दांच्या शेवटी ‘वन’, ‘बडी’ किंवा ‘थिंग’ आहे ते सर्व एकवचनी. त्यांच्या पोटात ‘एक’, ‘एक व्यक्ती’, ‘एक वस्तू’ दडलेली आहे. ‘एव्हरीबडी’ला ‘सगळे’ न म्हणता ‘प्रत्येकजण’ म्हणण्याची सवय लावली की ही चूक आपोआप थांबते, कारण मराठीतही ‘प्रत्येकजण आला’ असेच आपण म्हणतो, ‘आले’ म्हणत नाही.

‘ईच’, ‘आयदर’, ‘नीदर’ हेही एकवचनी. येथे परीक्षक एक सापळा लावतात. ‘ईच ऑफ द स्टुडंट्स हॅज अ लॉकर’ या वाक्यात क्रियापदाच्या लगत ‘स्टुडंट्स’ हे अनेकवचनी नाम येते आणि कान ‘हॅव’ मागू लागतो. कर्ता मात्र ‘ईच’ आहे. ‘ऑफ’पासून सुरू होणारा तुकडा मनातल्या मनात कंसात टाकून वाक्य वाचावे.

‘माझा एक मित्र’ या अर्थाने ‘वन ऑफ माय फ्रेंड’ असे म्हणणारे पदोपदी भेटतात. गंमत अशी की, या चुकीचा दोष मराठीवर ढकलता येत नाही. ‘माझ्या मित्रांपैकी एक’ असेच आपण म्हणतो. ‘मित्रापैकी एक’ म्हणत नाही. येथे मराठीचे बोट धरले तर ‘वन ऑफ माय फ्रेंड्स’ हे बरोबर रूपच हाती लागेल, आणि क्रियापद ‘एक’ला अनुसरून एकवचनी राहील : ‘वन ऑफ माय फ्रेंड्स लिव्ह्ज इन ठाणे’.

बोथ, मेनी, सेव्हरल, फ्यू, अदर्स हे शब्द अनेकवचनी आहेत. त्यांच्याबाबत फारसा गोंधळ होत नाही. ऑल, सम, मोस्ट, एनी आणि नन यांचे वचन मात्र ते कशाबद्दल बोलत आहेत यावर ठरते. पाणी, पैसा, वेळ अशा न मोजता येणाऱ्या गोष्टी असतील तर एकवचन, माणसे किंवा पुस्तके असतील तर अनेकवचन. ‘ऑल इज वेल’ म्हणजे सारे काही क्षेमकुशल. ‘ऑल आर वेल’ म्हणजे सगळी माणसे बरी आहेत.

‘नन’बद्दल दोन शब्द अधिक लिहायला हवेत. ‘नन ऑफ देम इज’ हेच बरोबर आणि ‘आर’ चूक, असे अनेक शिक्षक छातीठोकपणे सांगतात. ‘नन’ची व्युत्पत्ती ‘न’ अधिक ‘एक’ अशी आहे, हा त्यांचा आधार. पण शब्द जन्माच्या वेळी जसा होता तसाच राहतो असे नाही. एच. डब्ल्यू. फाउलर यांनी १९२६ सालच्या आपल्या प्रसिद्ध इंग्रजी प्रयोगकोशात ‘नन’ केवळ एकवचनी आहे हा समज चुकीचा असल्याचे नोंदवले होते. चांगल्या लेखकांनी दोन्ही रूपे वापरली आहेत. तरीही, परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत फाउलरचा दाखला देण्याची सोय नसते. तेथे एकवचन लिहून सुरक्षित राहावे, हा व्यवहार झाला.

दोन की तीन?

खात्याच्या अर्जाकडे पुन्हा वळू. ‘आयदर’ आणि ‘नीदर’ हे शब्द दोहोंपुरतेच आहेत. तिसरा आला की ‘एनी’ आणि ‘नन’ लागतात. म्हणून दोन खातेदारांसाठी ‘आयदर’ आणि तिघांसाठी ‘एनीवन’. बँकांनी केलेला हा भेद व्याकरणाला धरूनच आहे. (उच्चार ‘आयदर’ की ‘ईदर’ यावरून घराघरांत वाद होतात. दोन्ही उच्चार कोशांत आहेत.)

नकारार्थी वाक्यात ‘ऑल’ आणि ‘बोथ’ आले की अर्थ दुभंगतो. एखाद्या सोसायटीच्या फाटकावर ‘ऑल मेंबर्स आर नॉट अलाउड टू पार्क हिअर’ अशी पाटी लागली, तर तिचा अर्थ काय घ्यायचा? सचिवांना म्हणायचे असते की येथे कोणीही गाडी लावू नये. वाक्याचा दुसरा, तितकाच सरळ अर्थ असा की सगळ्यांनाच परवानगी नाही, काहींना आहे. आणि प्रत्येक सभासद स्वतःला त्या ‘काहीं’मध्ये मोजणार. ‘नोबडी इज अलाउड टू पार्क हिअर’ असे लिहिले असते तर वाद उरला नसता. मराठीतही ‘सगळे आले नाहीत’ आणि ‘कोणीच आले नाही’ यांत हाच फरक आहे. मराठी लिहिताना तो सांभाळणारा माणूस इंग्रजी लिहिताना का विसरतो, हे कोडे आहे.

करारपत्रात हा प्रश्न महाग पडू शकतो. ‘बोथ द पार्टनर्स शॅल नॉट साइन’ या वाक्याचा अर्थ दोघांनी मिळून सही करू नये, एकाने केली तर चालेल, असा होतो की दोघांपैकी कोणीही सही करू नये असा होतो? दुसरा अर्थ हवा असेल तर ‘नीदर ऑफ द पार्टनर्स शॅल साइन’. मराठीत ‘दोघांनी’ऐवजी ‘दोघांनीही’ लिहून आपण हे काम एका ‘ही’ने भागवतो.

एका ‘अ’चे मोल

‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’, ‘लिट्ल’ आणि ‘अ लिट्ल’ यांच्यात एका अक्षराचे अंतर आहे, पण अर्थ उलटतो. ‘फ्यू केम’ म्हणजे फारच थोडे आले, जवळपास कोणी आले नाही. ‘अ फ्यू केम’ म्हणजे काहीजण आले. संख्या तीच असेल. बोलणाऱ्याची नजर वेगळी. पहिला रिकाम्या खुर्च्या मोजतो, दुसरा भरलेल्या. ‘फ्यू’ मोजता येणाऱ्या गोष्टींसाठी आणि ‘लिट्ल’ न मोजता येणाऱ्या गोष्टींसाठी, एवढेच लक्षात ठेवायचे. शस्त्रक्रियागृहाबाहेर उभ्या असलेल्या नातेवाइकांना डॉक्टरांनी ‘देअर इज लिट्ल होप’ असे सांगितले तर त्यांनी मन घट्ट करायचे असते. ‘देअर इज अ लिट्ल होप’ म्हटले तर धीर धरायचा असतो. आशा ‘थोडीच’ आहे आणि ‘थोडी’ आशा आहे, हा भेद मराठीतही पुन्हा त्या ‘च’वरच उभा आहे.

शिफारसपत्रात ‘ही मेड फ्यू मिस्टेक्स’ ही स्तुती होय. तेथे चुकून ‘अ’ घुसला तर उमेदवाराच्या काही चुका झाल्या होत्या, अशी कबुलीच दिली जाते.

प्रत्येकाने ‘आपले’ पुस्तक आणावे

‘एव्हरीवन शुड ब्रिंग...’ एवढे लिहून पुढे काय? ‘हिज बुक’, ‘हिज ऑर हर बुक’ की ‘देअर बुक’? अनिश्चित सर्वनामांतील हा सर्वांत गाजलेला वाद आहे, आणि तो निव्वळ व्याकरणाचा नाही.

‘देअर’ हे अनेकवचनी, मग एकवचनी ‘एव्हरीवन’शी त्याची सांगड कशी, असा आक्षेप घेतला जातो. प्रत्यक्षात अशी सांगड इंग्रजीत चौदाव्या शतकापासून आढळते. जेन ऑस्टिनच्या कादंबऱ्यांतही ती जागोजागी आहे. अठराव्या शतकापासून व्याकरणकारांनी पुल्लिंगी ‘ही’ आणि ‘हिज’ यांत स्त्रियांचाही समावेश मानावा असा नियम रुजवला. कायद्यानेही तो उचलला. ब्रिटिश संसदेने १८५० साली केलेल्या कायद्यात पुल्लिंगी शब्दांत स्त्रियांचा अंतर्भाव होतो असे म्हटले होते. भारतात १८९७च्या जनरल क्लॉजेस ॲक्टच्या कलम १३ मध्ये हीच तरतूद आहे आणि ती आजही लागू आहे. आपल्या राज्यघटनेच्या इंग्रजी मसुद्यातील एकविसाव्या अनुच्छेदात, जीविताच्या व व्यक्तिस्वातंत्र्याच्या संरक्षणाविषयी बोलताना, ‘नो पर्सन’साठी ‘हिज’ हेच रूप योजलेले आहे. त्या ‘हिज’मध्ये देशातील प्रत्येक स्त्रीचा जगण्याचा हक्क सामावलेला आहे, हे नियमाने मान्य, पण शब्द वाचताना ती दिसत नाही, ही तक्रारही रास्तच म्हणावी लागेल.

अलीकडे पारडे झुकले आहे. अमेरिकेतील मेरियम-वेबस्टर या कोशाने २०१९ साली ‘दे’ हा वर्षाचा शब्द म्हणून निवडला. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या लेखनसंहितेच्या त्याच वर्षी निघालेल्या सातव्या आवृत्तीने एकवचनी ‘दे’ला मान्यता दिली, जगभरातील विद्यापीठांत प्रबंधलेखनासाठी ही संहिता वापरली जाते. त्यामुळे आज ‘एव्हरीवन शुड ब्रिंग देअर बुक’ हे वाक्य बिनदिक्कत लिहावे. क्रियापद मात्र एकवचनीच राहते : ‘एव्हरीवन हॅज ब्रॉट देअर बुक’. जुन्या वळणाच्या परीक्षेत ‘हिज’ किंवा ‘हिज ऑर हर’ अपेक्षित असू शकते. पर्यायांकडे पाहून निर्णय घ्यावा. आपल्याकडे हे वळण घट्ट झाले ते ‘रेन अँड मार्टिन’च्या व्याकरणामुळे. त्यातील पी. सी. रेन म्हणजे ‘बो जेस्ट’ (१९२४) ही साहसकथा लिहिणारे कादंबरीकारच, आणि ते मुंबई इलाख्यात शिक्षण खात्याच्या नोकरीत होते, हे ते पुस्तक पाठ करणाऱ्या पिढ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

मराठीला हा प्रश्न पडलाच नाही. ‘प्रत्येकाने आपले पुस्तक आणावे’ या वाक्यातील ‘आपले’ पुस्तकाच्या लिंगावर चालते, आणणाऱ्याच्या नव्हे. दारावर टकटक झाली आणि बाहेर पुरुष आहे की स्त्री हे कळले नाही तर आपण सरळ नपुंसकलिंगाचा आश्रय घेतो : ‘कोणीतरी आलंय’. ‘वन मस्ट डू वन्स ड्यूटी’ या काहीशा औपचारिक रचनेतील ‘वन’लाही मराठीत ‘आपण’ हा चपखल प्रतिशब्द आहे : आपण आपले कर्तव्य करावे. इंग्रज लेखक अशा वाक्यात ‘वन’ शेवटपर्यंत निभावतात. अमेरिकी लेखक मध्येच ‘हिज’वर येतात.

जोडून की तोडून?

लेखनातील काही खाचाखोचा राहिल्या. ‘एव्हरीवन’ एका शब्दात लिहिले तर प्रत्येक माणूस. पुढे ‘ऑफ’ येऊन समूहातील एकेकाचा निर्देश असेल तर ‘एव्हरी वन ऑफ देम’ असे तोडून लिहावे. ‘एनीवन’चेही तसेच. वस्तूंसाठी तर तोडूनच लिहावे लागते : ‘एनी वन ऑफ दीज फॉर्म्स’. ‘नो वन’ मात्र नेहमीच दोन शब्दांत, आणि ‘नोबडी’ नेहमी एका शब्दात. यामागे तर्क शोधू नये.

विशेषण या सर्वनामांच्या मागून येते. ‘काहीतरी नवीन’ आणि ‘नवीन काहीतरी’ असे दोन्ही मराठीत चालते. इंग्रजीत केवळ ‘समथिंग न्यू’. ‘न्यू समथिंग’ असे कोणी म्हणत नाही.

षष्ठीचा प्रत्यय सरळ शेवटी लागतो : एव्हरीवन्स, नोबडीज. ‘एल्स’ सोबत असेल तर प्रत्यय ‘एल्स’ला जोडायचा. दुसऱ्या कोणाची तरी छत्री चुकून उचलून आणली असेल तर ती ‘समवन एल्सेस अंब्रेला’. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी पुस्तकांत हा प्रत्यय ‘एल्स’च्या आधी, ‘समबडीज एल्स’ असाही लावलेला आढळतो; आज तो तेथे लावल्यास चूक धरली जाते.